पंचावन्न टक्क्यांचा हट्ट

नेस्टर : म्हणजे ओकुमुराची माणसं लढतीच्या पैशांत निम्म्या-निम्म्याला तयार होती! तरी तुम्ही पंचावन्न टक्के मागितलेत? माझ्या नावानं?

तासियो : तुझा मॅनेजर मी आहे. मागायचं काम माझं.

नेस्टर : आणि शिव्या खायचं माझं? ओकुमुरा आणि मी बॉक्सिंगच्या रिंगणात समोरासमोर यावं म्हणून लोक तीन वर्षं देव पाण्यात घालून बसलेत. आज बंदरावर टूना मासे कापणारा मला म्हणतो, "काय रे नेस्टर, हाव सुटली का?" अख्खं जेन्सान शहर तेच बोलतंय, मनोंग! थोरल्या भावाचा मान देऊन हाक मारतो तुम्हाला, आणि तुम्ही हे केलंत?

तासियो : बोलू दे. दोन महिन्यांत विसरतील.

नेस्टर : जपान्यांनी किती दिले तुम्हाला? लढत मोडायचे?

तासियो : दिले असते तर या तुटक्या चपला घालून फिरलो असतो?

नेस्टर : साळसूदपणा पुरे! बारा वर्षं माझ्या हातांना पट्ट्या बांधताय. एका पेसोसाठी कधी घासाघीस केली नाहीत. आत्ताच कशी जीभ लांब झाली?

तासियो : आता मी विचारू? मे महिन्यातल्या तपासणीत डॉक्टरांच्या तक्त्यावरची अक्षरं तू धडाधड वाचलीस.

नेस्टर : मग? वाचता येतं मला.

तासियो : आदल्या दुपारी तुझी बहीण तीच अक्षरं तुझ्याकडून घोकून घेत होती. मी मासे द्यायला आलो होतो. दारातूनच परत गेलो.

नेस्टर : तिला यात ओढू नका.

तासियो : डावा डोळा ना?

नेस्टर : जरा धूसर दिसतं, एवढंच. एक लढत, मनोंग. एकच. मग हातमोजे खुंटीला टांगतो.

तासियो : ओकुमुराचा उजवा ठोसा त्याच बाजूनं येतो. डोळा कायमचा जाईल. तुला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी नवा मॅनेजर गाठला असतास. बॉक्सिंग मंडळाला सांगितलं असतं, तर तू आणि तुझी बहीण लबाड ठरला असता. पंचावन्न मागितले की जपानी उठून जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

नेस्टर : थापा! पैसे तुम्ही खाल्लेत, आणि आता माझ्या डोळ्यावर ढकलताय. मला दिसतं!

तासियो : बरं. रोज सकाळी मी टाकतो ते लिंबू झेल. हल्ली उजवीकडूनच टाकायला लावतोस. आज डावीकडून.

नेस्टर : टाका.

तासियो : मान वळवायची नाही. समोर रिंगणाच्या घंटेकडे बघ.

नेस्टर : बघतोय. टाका... टाका ना, मनोंग. घाबरलात?

तासियो : टाकलं रे, बाळा. तुझ्या पायाशी पडलंय.