नाकावरची चांदकोर

माह्यं माहेर सानगडीचं, नाव सगुना. लगन होऊन कोंढ्याकडं आली अना तवापासून धानाचा रोवना, निंदन, कापनी, दुसरं काय असते जी बाईच्या जातीले. लहान होती तवा बाजारात गोंदनवाली आली, त मायनं मले मांडीवर दाबून धरलं अना कपाळाच्या मधात चांदकोर गोंदवली, तिच्या कपाळावर होती तशीच. मी बोंबलली. माय म्हने, रडू नोको वो, सोनं-नानं सारं अठीच राह्यते, गोंदन तेवढं संगं येते, वर आली का यानंच तुले वळखीन. थोड्याच दिवसात माय गेली.

बाहत्तरच्या दुकाळाच्या बादची गोठ. माह्या नाकाच्या शेंड्यावर फुनसी आली. खपली धरे, निंगे, रगत ये, पुन्हा खपली. हळद लावली, कडूलिंब लावला, ज्यानं जे सांगतलं ते लावलं. असेच दोन-तीन सालं गेले अना तिनं नाकाची एक बाजू खाऊन टाकली. मंग आमच्या बुढ्यायनं, माह्या नवऱ्यानं जी, तवा काही बुढे नोयते म्हना, मले पवनीवरून यश्टीत बसवून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हनले, बाई, हा कातडीचा कॅन्सर आहे, पण सगळा कापून काढता येईल, मग कपाळाची कातडी खाली वळवून नाक करू. मी म्हनलं, करा जी. मंग त्यायनं कपाळावर शाईनं आखलं, अना आरशात पायतो त काय, चांदकोर बरोबर त्या रेघेच्या आत! मी खाटेवरून उठलीच. म्हनलं, मले घरी न्या, मरीन त मरीन, पन गोंदन कापलं त वर माय मले वळखन कशी? डॉक्टर म्हनले, अहो, फेकून कोण देतंय? कपाळावरचं नाकावर येईल. मी बुढ्यायकडं पायलं. ते म्हनले, काहून वो, तुह्या मायले नाक दिसत नाही का? मले हासूच आलं. म्हनलं, कापा.

काय सांगू तुमाले, कपाळापासून नाकापर्यंत कातड्याची पट्टी लोंबे, गनपतीची सोंडच! नाक जीव धरेपर्यंत ती तशीच ठेवा लागते म्हने. नाकावर माशी बसे अना मले वाटे कपाळावर बसली, मी कपाळावर चापट मारो, सारा वार्ड हासे. बुढे म्हनत, नशिबाले कायले मारतं वो, माशीले मार. मंग एक दिवस सोंड कापली, आरसा देला. चांदकोर नाकाच्या शेंड्यावर, तेही उलटी! मी नाक हातात धरून रडली जी, आनंदानं रडली, त नर्सबाई वरडली का टाके निंगतील.

घरी आली त सारं गाव पायाले आलं. रोवन्याच्या बाया म्हनत, सगुनाच्या नाकावर चंद्र उगवला. मीबी म्हनो, पाहा, पैसे नाही पडत. इतके सालं झाले, फुनसी काही परत आली नाही. त्या डॉक्टरचे लेकरंबाळं सुखी राहोत.

अना मायचं म्हनाल, त आता मले भेव नाही. उलटी चांदकोर पाहून ती गडबडली, त मीच हाक मारीन, माय वो, मी सगुना आहो. पन एवढ्यात नाही जाऊन रायली मी. यंदा धान मस्त आहे, पोरीले दिवस गेले आहेत. मायनं जराशी वाट पाहावी.