बागमांडल्याला मी गाडी उलटी चढवली

...नाही, पण मला एक सांगा, एकटीनं जायचं म्हणजे नक्की किती जणांना बरोबर घेऊन जायचं असतं? कारण तुम्हाला सांगते, कर्वेनगरहून निघाले तेव्हा गाडीत मी एकटी होते, आणि चांदणी चौक यायच्या आत आम्ही दोघं झालो! फोनवर आमचे हे! "सुनीती, निघालीस?" अहो, आत्ता गेटपाशी उभं राहून हात कुणी हलवला? "हो, पण हँडब्रेक काढलास का?" आता हँडब्रेक न काढता मी चांदणी चौकापर्यंत कशी आले असेन? पण नाही! विचारायचं म्हणजे विचारायचं! आणि म्हणे एकटी!

तसं मुळापासूनच सांगायला हवं. आमचे हे, श्रीधर, चौतीस वर्षं गाडी चालवत होते. आधी स्कूटर, मग सेकंडहँड फियाट, मग ही वॅगनआर. मी कायम डावीकडे. माझं काम काय? नकाशा धरायचा, आणि रस्ता चुकला की तो माझ्यामुळे चुकला असं कबूल करायचं. मग गेल्या वर्षी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, बाजूचं दिसत नाही, गाडी बंद. हे घरी आले, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि पेपर उघडून बसले. दोन तास... एकच पान. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आले. वय एकोणसाठ! लायसन्स मिळालं तिसऱ्या फटक्यात, पण मिळालं ना?

पण तुम्हाला सांगते, हे शेजारी बसले की मला गाडी येतच नाही. साफ विसरते! डाव्या बाजूला ब्रेक नसतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, ह्यांना मान्य नाही! सिग्नल दिसला की पाय दाबायचा आणि तोंडानं "स्स्स..." करायचं! एकदा कर्वे पुतळ्यापाशी ऐन गर्दीत गाडी बंद पडली, मागं बस, रिक्षा, सगळ्यांची बोंबाबोंब, आणि हे म्हणतात, "काही नाही, शांतपणे घे," तेसुद्धा अशा आवाजात की शांत बसलेला माणूस उठून पळत सुटेल! घरी येऊन मी रडले. खरंच रडले हो. तर हेच म्हणाले, "असं कर, तू एकटी जा. लांब जा. मी असलो की तुला जमायचं नाही." आणि बसून कागदावर रस्ता लिहून दिला. ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोटीतून पलीकडे, आणि मग समुद्राच्या कडेकडेनं थेट आंजर्लं. दरवेळी ह्यांनी मला जिथून नेलं तोच रस्ता. वळणांसकट!

तर मुळशी मागं पडलं आणि फोनची रेंज गेली. अहाहा! काय ती शांतता! स्वतःच्या गाडीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माणगावला रेंज आली, सतरा मिस्ड कॉल! अठरावा लगेच आलाच. "घाटात दुसऱ्या गियरमध्ये होतीस ना?" आणि म्हणे एकटी!

बागमांडल्याला पोचले. समोर खाडी, पलीकडे वेश्वी, उताराच्या टोकाला बोट लागलेली, आणि बोटीवरचा माणूस हातवारे करून ओरडतोय, "काकू, उलटी घ्या! रिव्हर्स, रिव्हर्स!" रिव्हर्स? मी रिव्हर्स घेतली होती ती फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि तिथली तुळशीची कुंडी आता नाही. इथे तर मागं उतार, दोन्ही बाजूंना पाणी! आणि तेवढ्यात फोन! हेमानं, म्हणजे आमच्या मुलीनं, तो काचेपाशी चिकटवून दिलेला, स्पीकरवर, म्हणजे सगळ्या जेट्टीला ऐकू! "सुनीती, आता नीट ऐक. स्टेअरिंग सरळ, क्लच अर्धा."

बोटीवरचा म्हणतो, "डावीकडं वळवा, काकू!"

हे म्हणतात, "डावीकडे अजिबात नको!"

अहो, तुम्ही कर्वेनगरच्या गॅलरीत! तुम्हाला काय दिसतंय?

बोटीवरचा खिडकीशी आला. "कोण बोलतंय हो?"

"आमचे हे."

"मागं बसलेत काय?"

"नाही, पुण्यात."

तर तो वाकून फोनलाच सांगतो, "काका, तुम्ही जरा दम खा!"

मागं रांगेतला टेम्पोवाला उतरला, मोटरसायकलवाले उतरले, एका आजीबाईंनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली, आणि प्रत्येकाचं मत वेगळं! आणि म्हणे एकटी!

शेवटी बोटीवरचा म्हणाला, "द्या काकू, मीच चढवतो." आणि हात पुढे केला. सोपं होतं हो. उतरायचं, बाजूला उभं राहायचं. लग्न झाल्यापासून दुसरं काय केलं होतं? पण मला फ्रिजवरची ती किल्ली दिसली... म्हटलं, नाही. मीच चढवणार. आणि मग मी अशी गोष्ट केली, जी उभ्या संसारात केली नव्हती. ह्यांचं वाक्य अर्ध्यात तोडलं. फोन बंद!

क्लच, गियर, आणि आरशात त्या माणसाचा हात. बाकी काही नाही. घर्र... बंद पडली. पुन्हा सुरू केली. घर्र... सरकली... ढण्ण! चाकं लोखंडावर! "बस, बस, बस, बस!" चढली! टेम्पोवाल्यानं टाळ्या वाजवल्या, आजीबाई म्हणाल्या, "चढली गो बाय!"

बोट सुटली, मी उतरून कठड्याला टेकले. ऊन पाण्यावर नुसतं सांडलेलं, पुढं खाडी समुद्राला मिळते ती जागा... आणि मला काय वाटलं सांगू? आता हे सांगू कुणाला? झालं! केला फोन. पहिल्या रिंगला उचलला.

"चढली?"

"चढली."

मग हळूच म्हणाले, "पाणी कसं आहे गं आज?"

मी सांगितलं. रंग सांगितला, होड्या मोजून सांगितल्या, बाणकोटचा किल्ला कुठे दिसतोय ते सांगितलं... पलीकडचा काठ आला तरी सांगतच होते. बोटीवरचा ओरडला, "काकू, उतरवा आता, आम्हाला परत जायचंय!"

पुढं आडे, पाडले... रस्ता पाण्याला इतका लागून की खिडकीतून हात काढला तर ओला व्हावा! मी गायले. सुरात नाही, पण मोठ्यानं!

आंजर्ल्याला दोन रात्रींचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ओटीवर बसले, तर दारात दापोलीची रिक्षा. आणि उतरलं कोण? हे! सकाळी स्वारगेटहून एसटी पकडून! मी ताडकन उठले. "अहो, मी एकटी आले होते ना?"

"एकटीच आहेस. मी वेगळा आलोय."

"अहो, पण डोळ्यांचं असं असताना..."

तर पिशवी खाली ठेवत म्हणाले, "तू फोनवर सांगितलंस ते छानच होतं. पण म्हटलं, अजून जेवढं दिसतंय, तेवढं बघून घ्यावं."

यावर भांडणार कसं, तुम्हीच सांगा. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. खाचखळगा आला की मी हात धरायचे, आणि हे म्हणायचे, "दिसतंय मला." हात मात्र सोडवून घेतला नाही. आणि म्हणे एकटी!

परत निघालो तेव्हा हे मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसले. मंडणगड गेलं, माणगाव गेलं, मागून चकार शब्द नाही. क्लच नाही, गियर नाही. म्हटलं, रागावले की काय? ताम्हिणी चढायला लागले तेव्हा आरशात पाहिलं, तर मान मागं, तोंड उघडं, आणि चक्क घोरतायत! घाटात! मी चालवत असताना! तुम्हाला सांगते, लायसन्स हातात पडलं तेव्हासुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पण त्या घाटात जागोजागी पाट्या, 'वळणावर हॉर्न वाजवा'. कसा वाजवणार? जाग आली असती ना! मग काय करते... प्रत्येक वळणावर काच खाली केली, आणि समोरून कुणी येत असेल त्याला हळू आवाजात सांगत आले, "आले हं... आले हं..."