सरकीतला अंधार

दारव्ह्याहून सुटलेल्या एसटीत सुहासिनीबाईंच्या पुढच्या सीटवर अमिनाबी आणि त्यांची संशोधक लेक गझाला बोलत बसल्या होत्या. सुहासिनीबाईंचे कान आपोआप तिकडे वळले.

“आधी कापसाचं बोंड वाटून तपासत होते ना?”

“वाटलं का समदं एकजीव होते, अम्मी. आता अख्ख्या बोंडाचा पातळ काप घेतो. जिथं जनुक चालू, तिथं त्याचा आरएनए चमकते.”

“मंग काय दिसलं?”

“अळीले मारणारं जनुक सालीत लखलखते. सरकीत अंधारच.”

“अन् बोंडअळी?”

“सरकीच खाते.”

“कापूस गेला तवापासून तुहे अब्बा सोताले दोष देते, म्हणते, माह्याच फवारणीत खोट होती.”

“म्हणून तं फोटो घेऊन चालली.”

गझालाने फोनवर तो फोटो उघडला. सुहासिनीबाईही पुढे वाकल्या. अमिनाबींनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“त्याईले मोठा करून दाखवजो. नजर कमजोर झाली त्याईची.”