बदकाच्या तोंडचं वाक्य

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने पण हसतमुखाने बसलेले मान्यवर, पालकवर्ग, पुढे सतरंजीवर बसलेली आणि आता उठायच्या बेतात असलेली बालमंडळी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या बाई,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंना ज्ञानदीप म्हटलं, वात्सल्यसिंधू म्हटलं आणि शेवटी कल्पवृक्षही म्हटलं. दीप, सिंधू आणि वृक्ष एकाच खुर्चीत बसवायचे म्हणजे खुर्ची फार मजबूत लागते. म्हणून मी त्यात भर घालत नाही. मी पडलो बातमीदार. उपमा लिहिली की आमचे संपादक ती निर्दयपणे कापतात. तेव्हा पाहिलं तेवढंच सांगतो.

माझी धाकटी बहीण दवाखान्यात परिचारिका आहे. घरात ती आणि तिचा मुलगा, दोघंच. रात्रपाळी करून आली की तिचा डोळा लागायचा आणि मुलाला टीव्ही सांभाळायचा. टीव्हीने ते काम चोख केलं. चार वर्षांपूर्वी, साडेतीन वर्षांचा असताना, मुलगा बोलायचा, पण सगळं कार्टूनमधलं. “भूक लागली का रे?” असं विचारलं की उत्तर यायचं, “मित्रांनो, चला नव्या सफरीला!” पाहुणे हसायचे. आई हसत नसे. आणि बालवाडीत घातल्यावर तर तेही बंद झालं. तिथे एक अक्षर नाही. मी त्याला ‘मुनिवर’ म्हणू लागलो.

मामा या नात्याने उपाय करणं मला भाग होतं. माझं शिक्षण संस्कृतातलं, त्यामुळे मी त्याला मांडीवर घेऊन शब्दरूपं म्हणून दाखवली. मुनिवर शांतपणे मांडीवरून उतरले. बहीण म्हणाली, “दादा, तो आधीच बोलत नाहीये, त्यात तू त्याला अजून कशाला घाबरवतोस?”

बाईंनी आधी त्याचे कान तपासून आणायला सांगितलं. कान उत्तम निघाले. डॉक्टर म्हणाले, टीव्ही कमी करा, त्याच्याशी बोला, थोडं थांबा. यातलं शेवटचं कोणत्या आईला जमतं? त्या संध्याकाळी बहीण पोळपाटापाशी उभ्याउभ्या म्हणाली, “दादा, त्याला स्वतःचं काही सांगता येईल ना रे कधी? दुखतं म्हणून, आवडतं म्हणून? का मी झोपले तेवढ्यात ते राहूनच गेलं?” आम्ही बातमीदार उत्तरांसाठी प्रसिद्ध नाहीच.

मग बालवाडीवर लेख लिहायच्या निमित्ताने मी बाईंच्या वर्गात जाऊन बसलो. खुर्ची माझ्या गुडघ्याएवढी होती. बाई गाणं म्हणत होत्या: “टोपी घालून हत्ती आला, दारामध्ये अडकून...” आणि त्या गप्प. नुसत्या मुलांकडे बघत राहिल्या. मुलं छत उडेल इतक्या जोरात ओरडली, “बसला!” प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मुलांचा, असा तिथला कायदा. एकटे मुनिवर ओठ मिटून. मी खिन्न झालो. बाई मात्र हलकेच म्हणाल्या, “त्याच्या अंगठ्याकडे बघा.” पायाचा अंगठा ठेका धरत होता. “पायापर्यंत आलंय,” त्या म्हणाल्या, “तोंड जरा लांब आहे.”

आणि शुक्रवारी कार्टून! मी भुवया उंचावल्या. ज्याने रोग आणला, तेच औषध? पण बाईंच्या टीव्हीला आवाज नव्हता. मी लगेच वहीत टिपलं, ‘अभिनव शिक्षणतंत्र’. त्या म्हणाल्या, “कसलं तंत्र हो! गेल्या वर्षी त्याचा आवाज बिघडला. मुलं वैतागली आणि स्वतःच बोलायला लागली, कोणी कोल्हा, कोणी ससा. मग मी तो दुरुस्तच नाही केला. मेकॅनिक अजून विचारतो, येऊ का म्हणून.”

तर त्या शुक्रवारी पडद्यावर एक बदकाचं पिल्लू होतं. ते एका बंद दारापाशी येऊन उभं राहिलं. कोणीच बोलेना, म्हणून बाईंनी स्वतः पिल्लाचा आवाज काढला: “अहो, दार उघडा! मला बिस्कीट हवंय!”

“तो असं नाही म्हणत.”

वर्गात सगळे मागे वळले. मुनिवर उभे होते. हे कार्टून त्याने घरी किती वेळा पाहिलं असेल, याची गणती नाही. बाईंनी वाक्य चुकवलं, हे त्याला सहन झालं नाही. मला वाटलं, आता तो अस्सल संवाद घडाघडा म्हणून दाखवणार.

बाई काही आश्चर्य वगैरे न दाखवता म्हणाल्या, “हो का? मग काय म्हणतो तो?”

तो पडद्याकडे बघत राहिला. मदतनीस मावशी काही सुचवायला पुढे झाल्या, त्यांना बाईंनी हातानेच थांबवलं. मग तो म्हणाला, “तो म्हणतो, आई, तू उठलीस का? मला तुझ्याशी खेळायचंय.”

हे वाक्य कोणत्याही कार्टूनमधलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मी चष्मा पुसला. त्यावर धूळ असावी. बाई तेवढ्या सहजपणे म्हणाल्या, “बरोबर आहे त्याचं. मग आई काय म्हणाली?” आणि वर्गातल्या सगळ्या बदकांच्या आया एकदम बोलू लागल्या.

संध्याकाळी मी बहिणीला ते वाक्य सांगितलं. तिने ते पुन्हा सांगायला लावलं. मग टीव्ही बंद केला आणि ती जमिनीवर बसली, त्याच्यासमोर.

बालशिक्षणावर मोठमोठे ग्रंथ आहेत, असतील. मी पाहिलं ते इतकंच की गाणं असो वा कार्टून, बाईंनी त्यात मुलासाठी एक जागा रिकामी ठेवली, आणि ती भरेपर्यंत स्वतः भरली नाही. आपण मोठी माणसं ती लगेच भरतो. मी तर आता भाषण करून भरतोच आहे.

बाई, निवृत्तीनंतर आपण विश्रांती घ्याल यावर माझा विश्वास नाही, पण शुभेच्छा देतो. उद्यापासून हा वर्ग पाहणाऱ्या नव्या ताईंनी मघाशी कानात सांगितलं, टीव्ही त्याही दुरुस्त करणार नाहीत. संयोजकांचे आणि अध्यक्षांच्या सहनशीलतेचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते माझं म्हणून पोटात घाला.

फक्त एका गोष्टीची क्षमा मी मागणार नाही. मी उभा राहिल्यापासून तिसऱ्या रांगेतला एक दुसरीतला मुलगा शेजारच्या मित्राला अखंड काहीतरी सांगतो आहे, आणि त्याची आई त्याला कोपराने ढोसून गप्प करते आहे.

अगं, राहू दे. बोलू दे त्याला.