तिसऱ्या पिंपाला हात लावू नका

स्वतःच्या गाठीचा रिपोर्ट आज मिळणार म्हणून वाइन बनवणारी एक आत्या आपल्या भाच्याला घेऊन दवाखान्यात बसली होती. शेजारच्या शिंप्याने तोंडासमोर पेपर धरला होता, पण त्याचे कान मात्र त्या दोघांकडे होते.

"आत्या, तळघरातल्या पोरांना दुपारी मिश्रण करायला सांगितलंय. तिसऱ्या पिंपातली मऊ वाइन निम्मी घालायची ना?"

"निम्मी. दोन वर्षांत पिण्याजोगी झाली पाहिजे."

"पण पहिल्या दोन पिंपांतली मिसळलेली वाइन किती दांडगी जमलीय! घोटभर घेतली तरी जीभ आवळते."

"आवळते म्हणूनच टिकते. बारा वर्षं ठेवली तर मखमल होईल नुसती."

"मग तिला मिळमिळीत कशाला करायची?"

"बारा वर्षांनी चाखणार कोण? तुझा बाप? त्याला वाइन आणि काढा यांतला फरक कळत नाही."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या.

"आजी, गाठ साधी आहे. घाबरण्यासारखं काही नाही."

आत्याने कागद उलटा धरला, मग सुलटा केला. शिंपी पान उलटायचं विसरला.

"आत्या, रडतेस?"

"रडतंय कोण! फोन लाव तळघरात."

"आता कशाला?"

"त्यांना सांग, तिसऱ्या पिंपाला हात लावाल तर तंगडी मोडीन."

"अगं, मग बारा वर्षं थांबावं लागेल!"

"मग? तुला कुठली गाडी गाठायचीय?"