बटणाची तार

…नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो — हे स्टूल घ्या. आणि स्क्रूड्रायव्हर जरा पिशवीतच राहू द्या. उघडायचं आहेच हो, पण तो कॉम्प्युटरचा डबा कुठे पळून जातोय? चार दिवस टेबलाखाली तसाच बसलाय, ढिम्म. आधी मी वाचून दाखवतो, म्हणजे तपासलेलं पुन्हा तपासण्यात तुमचा वेळ जाणार नाही. ही वही. पान एकशे बारा. हसताय? हसा, सगळेच हसतात. पण मी बस डेपोत सुट्या भागांच्या स्टोअरवर आहे, एकवीस वर्षं झाली, आणि तिथे जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही. माझ्या स्टोअरमधून साधा नटसुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर पडत नाही. घरातही तीच सवय. गीझर कधी बसवला, पंख्याचा कपॅसिटर कधी बदलला, मुलीचे दुधाचे दात कोणत्या वारी पडले — विचारा, सांगतो. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही, वाचून वाचून शिकलो. म्हणून आधी ऐका.

तर मंगळवार, सकाळी सव्वासहा. बटण दाबलं, काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. दाबलं कोणी? हिने. आमची ही — तुम्हाला सकाळी फोन तिनेच केला ना? — नर्स आहे. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते, आणि एकदा चारचौघांत माझ्याही तोंडून तेच निघून गेलं, त्याची चेष्टा अजून चालू आहे. ती सकाळपाळीला निघायच्या आधी जरा बसणार होती कॉम्प्युटरवर, आणि हा उठेचना. म्हणाली, अहो, बघता का जरा? मी म्हणालो, बघतो. आणि बघितलं. नोंद पहिली — भिंतीतला सॉकेट. टेबललॅम्प लावून पाहिला, लागला. दोष नाही. नोंद दुसरी — केबल. प्रिंटरची काढून लावली, तरी तेच. दोष केबलचा नाही. तिसरी — मागचं छोटं स्विच, ते झाडताना कोणाचं तरी बोट लागून बंद होतं आणि मग लोक तुमच्यासारख्यांना धावत बोलावतात — ते चालू. संध्याकाळी डेपोतून आल्यावर डबा उघडला. रॅम काढली, खोडरबराने पुसली, परत बसवली. बोर्डावरचा सेल नवा घातला. पॉवर सप्लाय सोडवून, पेपरक्लिप लावून बघितला, त्याचा पंखा फिरला. दोष नाही, दोष नाही, दोष नाही. अक्षर बघा, एक खाडाखोड नाही. आणि खोटंही एक अक्षर नाही, ते मी आत्ताच सांगून ठेवतो. जे तपासलं ते लिहिलं. जे नाही तपासलं ते — ते नाही लिहिलं.

हां, बरोबर, हिरवा दिवा. तुमची नजर बरी आहे, जाळीतून इतक्या लांबून दिसला तुम्हाला. तोही लिहिलाय — नोंद नववी, बोर्डावरचा बारका दिवा लागतोय. म्हणजे वीज आत पोचतेय. पोचतेय, पण उठत नाही. म्हणतात ना, झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. तसं.

नाही, अहो, थांबा. तुम्ही फार घाईचे. चहा घेणार? बरं, राहिलं. घाई तुम्हाला तिने सांगितली असेल — आज पाचपर्यंत फॉर्म भरायचाय म्हणून. ते खरंय. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, दुसऱ्या शहरात, इथून रात्रभराचा प्रवास. तिथून आली की वॉर्डात राबायचं नाही, नवीन नर्सना शिकवायचं. आणि वयाची अट आहे. तिचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी ती बसतच नाही त्यात. तुम्ही म्हणाल, मग मोबाइलवरून भरा की — नाही उघडत हो ते पान मोबाइलवर नीट, आणि तिचे तेवीस वर्षांचे कागद सगळे या डब्यात आहेत. मीच स्कॅन केलेत. चार रविवार लागले. एकेका कागदाला नाव, साल, अनुक्रमांक. ती म्हणाली होती, तुमच्याइतकं नीट कोणी केलं नसतं. आणि मी काही तिला अडवलेलं नाही, बरं का. आठ महिन्यांपूर्वी तिने विचारलं तेव्हा मी हातातली चपाती — काय म्हणतो मी — हातातलं काम ठेवून म्हणालो, जा की. मोठ्या तोंडाने म्हणालो. मेव्हण्यासमोर म्हणालो. मुलीला फोन करून सांगितलं, तुझी आई आता विद्यार्थिनी होणार. मुलगी खूश. काल गुरुवारी तिलाही विचारलं मी कॉम्प्युटरचं, तिचं शिक्षण त्यातलंच, तर ती म्हणाली, बाबा, बटणाची तार बघितलीत का? मी म्हणालो, सगळं बघितलंय.

एक सांगू? म्हणजे सुचवतो आपलं. तुम्ही या धंद्यात मुरलेले. कधी कधी बोर्डच जातो, नाही का? बाहेरून सगळं शाबूत आणि बोर्ड गेलेला. समजा तुम्ही म्हणालात — बोर्डाचं वाटतंय, वर्कशॉपला न्यावा लागेल, सोमवारी सांगतो. एवढंच. तिचा तुमच्यावर विश्वास बसेल. खोटं कुठे आहे त्यात? वाटतंयच म्हणायचं. आणि हो, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येते हे मला माहितीये, ते तेवढं तिच्यापुढे बोलू नका. तिला माहीत नाही. तिला इंजेक्शनमधलं सगळं कळतं, यातलं काही कळत नाही. बिचारी रोज संध्याकाळी विचारते. तेही लिहिलंय, हे बघा — मंगळवार: ‘काही सापडलं का?’ बुधवार: ‘तुम्हीच नीट कराल, मला माहितीये.’ गुरुवार: ‘उद्या पाचपर्यंत वेळ आहे.’ बास, एवढंच. आवाज चढवला नाही, आदळआपट नाही. दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

अहो — अरे, काढलात पण दोन्ही स्क्रू? सैलच होता ना खालचा? हो, बुधवारी लिहिलंय मी, ‘खालचा स्क्रू सैल, बहुधा माझ्याकडूनच.’ माझ्याकडून स्क्रू सैल राहत नाही खरं तर. पण मंगळवारनंतर मी उघडलाच नाही तो. उघडून काय करायचं, आत काय आहे ते मला —

हं.

हो. तीच. बटणापासून बोर्डाकडे जाते ती. दोन बारीक पिनांवर बसते. निघालेली आहे. आणि तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे, निळ्या दोऱ्याने. वाचा ना, अक्षर स्वच्छ आहे. वस्तू — बटणाची तार. कोणी काढली — आणि माझी सही. केव्हा — मंगळवार, पहाटे पाच चाळीस. आता असे माझ्याकडे बघू नका. मला माहितीये, चोर स्वतःच्या पावलांना नावाच्या पाट्या लावत नाही. पण हात काम करत असतात हो. तार काढली आणि हात आपोआप खिशात गेला, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात असतोच, लिहिलं, बांधली, तेव्हा कुठे ध्यानात आलं की आपण काय करतोय. मग सोडवून फाडून टाकायची होती. नाही फाडता आली. स्टोअरमध्ये चिठ्ठी फाडलेला माणूस मी एकदा कामावरून घालवलाय.

का म्हणजे? तुम्हाला काय करायचंय ‘का’शी? — बरं. डबे. स्वयंपाकघरात जाऊन बघा, ओट्याच्या वरच्या फळीवर. बावीस वर्षं झाली लग्नाला, त्या डब्यांवर कधी नावं नव्हती. मी कितीदा म्हणालो, अगं, माझ्याकडे चिठ्ठ्या आहेत, लावून देतो. तर ती म्हणायची, माझं घर म्हणजे तुमचा डेपो नाही, मला डोळे मिटून सापडतं सगळं. आणि मंगळवारी पहाटे मी चहा टाकायला गेलो, तर सगळ्या डब्यांवर नावं. तिच्या अक्षरात. मीठ. चहा. रवा. औषधांच्या डब्यावर सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं. साखरेवर काय, तर ‘साखर — तुम्हाला एकच चमचा.’ ती आत झोपलेली. मी तिथे उभा, हातात पातेलं. तिला डोळे मिटून सापडतं ना सगळं? मग ती नावं कोणासाठी? आठ महिने ‘जा की, जा की’ म्हणत होतो मी, आणि ती खरंच जाणार आहे हे मला साखरेच्या डब्याने सांगितलं. पातेलं ठेवलं आणि इकडे आलो. बाकीचं त्या चिठ्ठीवर आहे.

काय? उलटून नाही, सुलटच वाचलीत ना तुम्ही? खाली? खाली ‘कारण’ — तो रकाना कोरा आहे, माहितीये मला. त्याच्या खालचाही कोराच असणार, ‘तपासलं’चा. तो काढणाऱ्याने भरायचाच नसतो, दुसऱ्याची सही लागते तिथे. आणा इकडे. चष्मा — थांबा.

‘तपासलं — बुधवार, दुपारी दोन चाळीस.’

ही तिची सही आहे. बँकेत करते ती, पूर्ण, खालच्या रेघेसकट.

बुधवारी तिची सुट्टी असते. मी डेपोत होतो. म्हणजे तो स्क्रू — आणि ही गाठ बघा, मी एकेरी मारली होती, ही दुहेरी आहे, हॉस्पिटलातली. सोडून, वाचून, परत बांधलीय. म्हणजे बुधवारी संध्याकाळी ती जे म्हणाली… मी इथे बसून लिहून घेतलं हो ते, शब्द न् शब्द. ‘तुम्हीच नीट कराल, मला माहितीये.’ आणि मी वर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नोंद नीट यावी म्हणून.

पण मग तिने ती बसवली का नाही? दोन पिना तर होत्या. रक्तवाहिनी शोधते ती, तिला दोन पिना —

नाही. बरोबर आहे. तिने बसवायचीच नव्हती. नियम आहे आमच्याकडे — ज्याने काढलं त्यानेच बसवायचं. तपासणाऱ्याने वस्तूला हात लावायचा नाही, नुसती सही करायची. कारण एकाने काढायचं आणि दुसऱ्याने बसवायचं म्हटलं की जबाबदारी मधल्यामध्ये गायब होते. एकवीस वर्षं जेवताना ऐकवतोय मी तिला हे. ती म्हणायची, आमच्याकडे टाके घालणारा डॉक्टर रजेवर गेला, तर पेशंटने टाके काढायला तो परत येईपर्यंत वाट बघायची का? हसून हसून बेजार व्हायची. मला वाटायचं, या कानाने ऐकते, त्या कानाने सोडते.

तुम्ही का थांबलात? लावा ना, तुमचं कामच आहे ते. माझ्या हातात कशाला देताय? …तिने सांगितलं? फोनवर? काय सांगितलं? — ‘नुसता उघडून द्या, तारेला हात लावू नका’? आणि हे तुम्ही दारात पाऊल टाकल्यापासून तुम्हाला माहीत होतं. माझी पहिली नोंद, दुसरी नोंद, सॉकेट, केबल, सगळं तुम्ही ऐकून घेतलंत. काय पण माणूस आहात. तरीच स्टूलवर इतके निवांत बसलात.

बॅटरी धरा जरा. अजून इकडे. हं. बसली. चिठ्ठी सोडायची आहे आधी, तीही मीच. दुहेरी गाठ सुटायला वेळ लागतो. सुटली. आता बटण.

ऐकलंत? पंखा.

तीन वाजून दहा. ती चारला येते. पुढे एक तास राहतो, फॉर्म अर्ध्या तासाचा, कागद क्रमाने लावलेलेच आहेत. छान लावलेत, खरंच, मीच लावलेत. आल्याबरोबर बसली तरी हात धुऊन, चहा घेऊन होईल. चहा मी करून ठेवीन. डबे सापडतात आता मला.

तर निघा तुम्ही. झाकण मी लावतो, काढलं तुम्ही असलं तरी — आजच्या दिवस चालेल. ती चिठ्ठी तेवढी इकडे द्या. एक रकाना राहिलाय, तो भरल्याशिवाय ती वहीला टाचता येत नाही. पेन आहे माझ्याकडे. आणि असे उभे राहून बघू नका, मला लिहायचंय. दार नुसतं लोटून घ्या. कडी नको.