चार हात धुरा

—सांगितलं ना मास्तर तुमाले, झाडावरून पडला म्हनून? लिंबाच्या. उजव्या हातावर पडला, हात मोडला, खेळ खलास. किती खेपा तेच तेच पुसता? बंगलोरहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आले, तथून बैलाची दमनी करून वलगावले आले, घरी माह्या बायकोनं, मैनानं, दार नाई उघडलं म्हनून मले हुडकत वावरात आले — गंज तरास घेतला, बाप्पा! पन सहदेव येत नाई आता तुमच्या कालेजात. विमानाचं शिक्षन संपलं त्याचं. थोडे मागं सरका, काटा उडते. धुऱ्यावरची बोरी तोडून राह्यलो मी. हा धुरा, म्हंजे दोन वावरातली हद्द — अल्याड मी, पल्याड उत्तमराव. आज येनार हाय तो, हद्दीचा नवा दगड गाडाले. येऊ द्या. कुऱ्हाडीले कालच धार लावली. त्यानं खड्डा खंदला का त्याच खड्ड्यात त्याले — काहून उभे राह्यले? बसा. तुमाले नाई मारत.

सहदेव लहान भाऊ हाय माहा. माय मेली तवा चार वर्साचा होता. याच हातानं आंघोळ घातली त्याले. अमरावतीच्या शाळेत घातला, मंग नागपूर, मंग तुमच्याकडं. बाजारात लोक पुसत — खुशालराव, लढाईचे विमानं बनवते म्हने तुमचा सहदेव? मी म्हनो, बनवते त! दिवाळीले आला, त दिवसभर कागदावर पंखच काढे. म्या म्हनलं, येवढ्या बारीक रेघा काहून रे? त म्हने, दादा, एक सूत चुकलं तरी पंख तुटते, वरचे मानसं मरते. सूत म्हंजे किती? ज्वारीच्या दान्याएवढं! मले वाटलं, असा मोजनारा आपल्या घरात असून उत्तमरावचं काहून ऐकाव? तीन वर्सं झाले, तो गावभर बोंबलून राह्यला का खुशालनं माहा धुरा कोरला. म्या पंच बोलावले. माह्याच तोंडानं म्हनलं — माहा भाऊ मोजन, तो सांगन ते खरं.

कोरला होता का? — कोरला होता. दरसाल वखराचा एक तास, म्हंजे एक ओळ, पल्याड घ्या, कोनाले दिसते? सगळेच कोरते. पन घरचा मानूस सांगते काय? त्यानं साखळी टाकली, खुट्या ठोकल्या, दोनदा मोजलं. अन् पंचाले म्हने, दादाचं वावर चार हात पल्याड गेलं, ते उत्तमरावचं हाय. म्या डोळे वटारले. माह्याकडं पायलं त्यानं, अन् पुन्हा म्हने — चार हात.

उत्तमराव हासला. तो हासला नसता त... साखळी गोळा कराले सहदेवनं दगडावर हात टेकला होता. म्या कुऱ्हाडीचा दांडा उचलला अन् — कोनतं झाड? कसलं झाड, मास्तर! म्याच मारला. एक मनगटावर. दुसरा बोटायवर. पाहून मारला, ज्या बोटायनं रेघा काढे त्याच बोटायवर. हाड वाजलं. तिसरा उत्तमरावच्या टाळक्यासाठी होता, पन पंचाईनं मले खाली पाडलं. सहदेव? वरडला नाई. नुसता दादा म्हनला.

दवाखान्यात कसा नेऊ? पोलीस आले असते. हाड बसवनारा आनला, बांबूच्या कामट्या बांधल्या. महिना झाला, बोटं वाकडीच हायेत. मैनाले म्हनलं, कोनी आलं त दार उघडू नको, नाईतर तुही खैर नाई.

काय? पत्र? त्याचं? त्याले लिहता कुठं येते आता — डाव्या हातानं? दाखवा. मले नाई वाचता येत, तुमीच वाचा... बंडीचं चाक गेलं हातावरून? चूक माहीच? दादाले कोनी बोल लावू नये? पुन्हा वाचा. पुन्हा वाचा म्हनतो ना!

खोटं हाय हे. साफ खोटं. पंचाईसमोर, सख्ख्या भावासमोर, चार हातासाठी खोटं नाई बोलला हो तो. मरन पत्करलं असतं, बोलला नसता. अन् माह्यासाठी बोलला.

मास्तर, हाड पुन्हा बसते काय? डाक्टर म्हनला तसं, अमरावतीचा? मंग बसले काहून? उठा! दमनी फिरवा. मैनाले म्हना, म्या सांगितलं, दार उघड. डाक्टरले खरं सांगा, पोलिसालेही सांगा. तो पाहा उत्तमराव, बंडीत दगड घालून आला. तुमी नका पाहू तिकडं. गाडू द्या त्याले, जथं सहदेवनं खुटी ठोकली तथं. ही कुऱ्हाड घ्या. घ्या ना, दमनीत टाका, माह्या हातात राहू देऊ नका. अन् सहदेवले म्हना, दादानं — नाई. काही म्हनू नका. जा तुमी.